तिकीट काढल्याशिवाय डोळे उघडत नाहीत

लंडन

तीर्थरूप बाबांस,


विंडसरचा किल्ला बघायला माणशी तीस पौंडांहून जास्त कशाला मोजायचे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. घरभराच्या तिकिटांत आपल्या बीबी गावातला महिन्याचा किराणा येतो, हेही खरं. पण ते पैसे किल्ल्याचे नसतातच; आपल्याला बघायला भाग पाडल्याचे असतात. स्टोनहेंजचंच घ्या. लंडनहून सकाळी निघून रात्री परत येता येईल एवढं ते लांब. साडेचार हजार वर्षांच्या त्या शिळा शेजारच्या ए-३०३ रस्त्यावरून गाडीत बसूनही दिसतात, अगदी फुकट. पण असं बघणारा ‘स्टोनहेंज पाहिलं’ असं स्वतःसुद्धा म्हणत नाही. तिकीट काढलं की त्याच शिळा, त्याही दोरीपलीकडून, पण आता माणूस प्रत्येक फलक वाचतो आणि पाऊस आला तरी जागचा हलत नाही. वर्गणीचा प्रकार तर याहून जालीम. १८९५ साली स्थापन झालेल्या इथल्या नॅशनल ट्रस्टचे सभासद पन्नास लाखांच्या वर आहेत. वर्गणी भरली की ट्रस्टच्या वाड्यांत आणि बागांत वर्षभर मोकळा प्रवेश. मग मराठी घरात वसुलीचा हिशेब सुरू होतो आणि कुठल्याशा उमरावाच्या चिनी मातीच्या बशा दशम्या-ठेच्याचा डबा सांभाळत भक्तिभावाने पाहिल्या जातात.

तुम्ही म्हणाल, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो लोक लोटतात, त्यांच्याकडे कुठे तिकीट असतं? बरोबर, पण ते जिजाऊंना वंदन करायला येतात, सहलीला नव्हे. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याची कमान मान वर करून न्याहाळणारे १३ तारखेला किती असतात, ते मोजा. लोणारचंही तसंच. नवरात्रात विवर उतरून कमळजादेवीला जाणारा माणूस देवी पाहतो. आपण उल्केने खणलेल्या, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्ड्यात उभे आहोत, हे त्याच्या गावीही नसतं. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही; दर्शन आणि बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. शेगावने ते ओळखलं होतं. गजानन महाराजांचं दर्शन फुकट, तिथल्या आनंदसागर बागेला मात्र तिकीट असायचं. आणि तिकीट काढलेला माणूस अंधार पडेपर्यंत तिथून हलायचा नाही.

ब्रिटिश म्युझियम फुकट असूनही भरलेलं असतं, हा आक्षेप जास्त वजनाचा. पण तिथल्या गर्दीत विमानाचं भाडं भरून आलेले पाहुणे पुष्कळ. लंडनकर ते ‘कधीतरी जाऊ’ म्हणून राखून ठेवतो, जसं तासाभराच्या आतलं लोणार बीबीकर राखून ठेवतो.

याउलट अमेरिकेत, ॲरिझोनात, उल्केचं एक विवर आहे. रुंदी सव्वा किलोमीटरही नाही, म्हणजे लोणारहून धाकटं. तळाशी लोखंड असणार म्हणून डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ साली कंपनी काढून तिथे खोदकाम आरंभलं. अपेक्षेएवढं लोखंड काही निघालं नाही, पण पुढे तिकीटखिडकी मात्र निघाली. जागा आजही त्यांच्या वंशजांकडे आहे आणि लोक वाळवंट तुडवत तो खड्डा पैसे देऊन बघतात. आपलं थोरलं विवर २०२० साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. बीबीत त्याची चर्चा किती झाली, ते तुम्हीच कळवा.

गरिबाने काय करायचं, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मी तुमच्या बाजूचा. इथले दर उघड उघड जास्त आहेत. एवढे मोजून मग वसुलीसाठी घड्याळाकडे बघत राजवाडा बघण्यात मजा नाही. बघायला लावण्यापुरती रक्कम खिशातून गेली की बास. तेव्हा उन्हाळ्यात आम्ही आलो की लोणारच्या काठावर नातवंडांकडून माणशी दहा रुपये तुम्हीच घ्या. पावती द्या, नाहीतर ती वाद घालतील. सिंदखेडराजाचे वेगळे.

आईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक
मुलगा