ख्रिस्ती घरात पत्रिका कशी पाहावी? नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

ही मार्गदर्शिका ज्यांच्या गळ्यात क्रूस आणि बोटात नीलम आहे, अशा बंधुभगिनींसाठी आहे. दोन्ही सोन्यात घडवलेले असतात, आणि दोन्हींबद्दल विचारले तर 'मम्मीने घालायला सांगितलंय' हेच उत्तर मिळते. नास्तिकांनी आणि कडव्या भाविकांनी पुढे वाचू नये. त्यांचे प्रश्न आधीच सुटलेले आहेत.

साहित्य: पवित्र शास्त्र एक. कालनिर्णय एक, भिंतीवरचे चालेल. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. ओळखीतले एक गुरुजी, शक्यतो दुसऱ्या गावचे. बेताचा हळू आवाज.

पायरी 1 : जन्मवेळ मिळवा

इथेच पहिली अडचण येते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, आईबापांची आणि धर्ममातापित्यांची नावे असतात, फादरांची सही असते; जन्मवेळ नसते. चर्चला ती कधी लागलीच नाही. मग आईला विचारावे. ती सांगेल, 'पहाटे. नाहीतर रात्री. पाऊस होता एवढं नक्की.'

निराश होऊ नका. मार्टिन ल्यूथर यांचीही हीच गत होती. आईला वेळ आठवे, साल आठवेना. इटलीतल्या लुका गौरिको नावाच्या ज्योतिषाने ही अडचण मोठ्या सफाईने सोडवली. आज आपण ल्यूथर यांचा जन्म 10 नोव्हेंबर 1483 चा मानतो. गौरिकोने तो 22 ऑक्टोबर 1484 ला नेऊन ठेवला, कारण त्या साली गुरू-शनीची मोठी युती होती आणि धर्मबुडव्याची पत्रिका मांडायला ती फार सोयीची होती. गंमत म्हणजे ल्यूथर यांचा उजवा हात असलेले फिलिप मेलांक्थोन हे ज्योतिषाचे कट्टर भक्त. तेही आपल्या गुरूच्या जन्मसालाचा खल करत बसले. ल्यूथर दोघांची टिंगल करत राहिले.

यातून नवशिक्याने घ्यायचा धडा: पत्रिका माणसाला जुळत नसेल, तर माणसाची जन्मवेळ बदलावी. अनुभवी मंडळी याला 'वेळशुद्धी' म्हणतात.

पायरी 2 : आपली रास निवडा

होय, निवडा. समजा, तुमचे बाळ ऐन नाताळात, 25 डिसेंबरला जन्मले. इंग्रजी मासिक सांगेल, रास मकर. आपले गुरुजी सांगतील, रवी धनू राशीत आहे. दोघांचे गणित बरोबर आहे. पाश्चात्त्य पद्धत वसंतसंपातापासून मोजते, आपली पद्धत ताऱ्यांपासून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे या दोन आरंभबिंदूंमध्ये आता सुमारे 24 अंशांचे अंतर पडले आहे. रास अवघी 30 अंशांची, म्हणजे बहुतेकांची रास एका घराने मागे सरकते. त्यातही मराठी पेपरातले भविष्य रवीवर नव्हे, चंद्रावर चालते, म्हणून तिसरी रास निघते ती वेगळीच.

आता एकाच लेकराला तीन राशी झाल्या. यात गोंधळण्यासारखे काही नाही. रोज सकाळी तिन्ही वाचाव्यात आणि जिच्यात धनलाभ आहे ती आपली समजावी.

पायरी 3 : शास्त्रातून आधार काढा

घरात कुणी हरकत घेतलीच, तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडावा. पूर्वेकडचे मागी लोक तारा पाहूनच बाळ येशूकडे आले ना? मग! हा हुकमाचा एक्का आहे. आपल्याकडे त्याला सणाचीही जोड आहे. गोव्यात मांडवीच्या काठी रेईश मागुश नावाचे चर्च याच राजांचे, आणि 6 जानेवारीला कासावली, कुएली, आरोशी या गावांतली तीन मुले राजांचा पोशाख घालून, घोड्यावर बसून टेकडीवरच्या कपेलात जातात. मत्तयाने ते किती जण होते हे सांगितलेले नाही आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. भेटवस्तू तीन म्हणून राजे तीन. पण एवढ्या बारकाईत शिरू नये.

मुख्य सूचना अशी, की अध्याय मोठ्याने वाचायचा झाल्यास पहिल्या दोन ओळींपाशीच थांबावे. पुढे वाचले तर पंचाईत होते. कारण ताऱ्याच्या भरवशावर निघालेले हे ज्योतिषी आधी बेथलेहेमला पोचतच नाहीत. ते पोचतात यरुशलेमला, आणि 'नवा राजा कुठे जन्मला' अशी चौकशी सुरू करतात. ती बातमी हेरोद राजाच्या कानी जाते. गाव कोणते, हे शेवटी सांगतात शास्त्री आणि याजक, आणि तेही आकाश पाहून नव्हे, मीखा संदेष्ट्याचे लिखाण उघडून. तारा पुन्हा पुढे चालू लागतो तो त्यानंतर. परतीची वाट बदलण्याची सूचना मिळते ती स्वप्नात. आणि त्या चौकशीची किंमत बेथलेहेममधली दोन वर्षांखालची मुले मोजतात.

म्हणजे ज्योतिषाच्या बाजूने म्हणून दाखवायचा हा उतारा नीट वाचला, तर ताऱ्याने माणसांना देवाच्या दाराशी आणले खरे, पण नेमका पत्ता दुसरीकडून घ्यावा लागला, असे निघते. यशया 47 आणि अनुवाद 18 ही प्रकरणे तर उघडूच नयेत. तिथे नक्षत्रे पाहणाऱ्यांची आणि शकुन सांगणाऱ्यांची थेट खरडपट्टी आहे.

पायरी 4 : फादरांना तोंड द्या

फादर किंवा पाळकसाहेब यांना कळेलच. कॅथलिक फादर धर्मशिक्षणाचा 1992 सालचा ग्रंथ काढतील आणि परिच्छेद 2116 दाखवतील. कुंडली, ज्योतिष, हात पाहणे, शकुन, सगळे एका दमात नाकारले आहे. कारणही दिले आहे: काळावर, इतिहासावर आणि शेवटी माणसांवर सत्ता गाजवायची हाव त्यामागे असते.

अशा वेळी मान खाली घालू नका; इतिहास काढा. पोप तिसरे पॉल यांनी याच लुका गौरिकोला बिशप केले होते. मध्ययुगातल्या चर्चच्या दारांवर बारा राशी कोरलेल्या आहेत, पॅरिसच्या नोत्र दामवरही आहेत. आणि सर्वांत भारी उदाहरण पोप आठवे अर्बन यांचे. 1628 मध्ये ग्रहणांमुळे आपला मृत्यू ओढवणार अशी भाकिते पसरली, तेव्हा त्यांनी तोम्मासो काम्पानेल्ला या साधूला बोलावून घेतले. खोली बंद केली, पांढरी वस्त्रे लावली, सुगंधी द्रव्ये जाळली, सूर्यचंद्रासाठी दोन दिवे आणि ग्रहांसाठी पाच मशाली पेटवल्या, शुभ ग्रहांना मानवणारे संगीत वाजवले. आपल्याकडे याला ग्रहशांती म्हणतात आणि गुरुजी दक्षिणा सांगतात.

फादर हे ऐकून हसतील आणि पुढची ओळ वाचतील: याच पोपांनी 1631 मध्ये पोपचा मृत्यू वर्तवणाऱ्यांविरुद्ध कडक हुकूम काढला. त्याआधी 1586 मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी भविष्य सांगण्याच्या ज्योतिषावर बंदी घातलीच होती. इथे वाद थांबवावा आणि चहा मागवावा.

पायरी 5 : चर्चचे पंचांग पुढे करा

चहा येईपर्यंत एक डाव शिल्लक आहे. 'फादर, तुम्हीसुद्धा चंद्र पाहताच की!' ईस्टरची तारीख काढताना वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार धरतात. म्हणूनच 2026 मध्ये गुरुवारी 2 एप्रिलला हनुमान जयंती, दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आणि रविवारी 5 एप्रिलला ईस्टर असे एका ओळीत आले. मारुतीच्या देवळातला चंद्र आणि चर्चमधला चंद्र एकच.

डाव चांगला आहे, पण फादर तो परतवू शकतात. चंद्रावरून सण कधी, हे ठरवणे म्हणजे काळ मोजणे. चंद्रावरून तुमचे लग्न टिकेल का, हे ठरवणे म्हणजे काळाला मालक नेमणे. भरतीओहोटी चंद्रामुळे होते हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. त्या पोराची दहावी चंद्रामुळे अडली, हे सिद्ध करायचे राहिले आहे. मध्ययुगात संत थॉमस अॅक्वायनस यांनी साधारण इथेच रेघ मारली होती: ग्रहतारे शरीराला थोडेफार ओढू शकतील, इच्छेला बांधू शकत नाहीत.

पायरी 6 : जुळलेले लक्षात ठेवा, हुकलेले विसरा

ही पायरी सर्वांत सोपी आहे, आणि सगळी इमारत तिच्यावरच उभी आहे. गुरुजींनी दहा गोष्टी सांगितल्या आणि दोन जुळल्या, तर त्या दोन गोष्टी नातेवाइकांत फिरवाव्यात.

मात्र मोजदाद करणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. संत ऑगस्टीन हे त्यांतले पहिले. तरुणपणी ते स्वतः ज्योतिषाच्या नादी होते. मग फिर्मिनुस नावाच्या मित्राने त्यांना घरची हकीकत सांगितली: तो ज्या घटकेला जन्मला, त्याच घटकेला वडिलांच्या मित्राच्या घरी एका दासीला मूल झाले. दोन्ही घरे ज्योतिषाची शौकीन, त्यामुळे वेळ काटेकोर टिपलेली. पत्रिका एकच, एक श्रीमंतीत वाढला, दुसरा गुलामच राहिला. ऑगस्टीन यांनी पुढे याकोब आणि एसाव या जुळ्यांचाही दाखला दिला. आईच्या पोटातून एकामागोमाग आले, आयुष्ये मात्र दोन टोकांची.

दुसरी टोळी पुण्याची. 2008 साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या: शंभर हुशार, शंभर गतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या आणि कोणती कोणाची, एवढेच विचारायचे. 27 जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवले असते तरी सरासरी वीस बरोबर आली असती. सर्वांत चांगल्या ज्योतिषाची 24 आली, आणि सगळ्यांची सरासरी विसाच्या खाली राहिली. हा निकाल घरात कुणाला वाचू देऊ नये. वाचलाच, तर 'ते ज्योतिषी खरे नव्हते' असे म्हणावे. हे वाक्य कोणत्याही निकालानंतर चालते.

पायरी 7 : सगळे सोडा आणि तरी चालू ठेवा

एवढ्या पायऱ्या चढून कुणाला उपरती झाली, गुरुजींचा नंबर फोनमधून काढून टाकला, तर अभिनंदन. आता तुम्ही प्रगत अभ्यासक्रमाला पात्र आहात, कारण तोच धंदा चर्चच्या आतही करता येतो.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना असते. नऊ बुधवार धरा. मात्र प्रार्थना म्हणून नव्हे, अनुष्ठान म्हणून. आठव्या बुधवारी ट्रेन चुकली तर पहिल्यापासून मोजा. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे घर, मेणाचे विमान, मेणाचे बाळ मिळते. ते वाहा आणि फ्लॅटचा ताबा वेळेत मिळाला नाही तर माउलीवर रुसा.

प्रॉटेस्टंट असाल तर मेणबत्ती लागणार नाही. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जा. बारा वाजून गेले की टोपली फिरते आणि प्रत्येकजण 'वर्षाचे वचन' लिहिलेले एक कार्ड उचलतो. कार्ड उघडताना आजूबाजूचे चेहरे पाहा. सोमवारचा पेपर उघडून राशीभविष्य शोधणारा चेहरा तोच असतो. टोपलीत आशीर्वाद असतात, संरक्षण असते, भरभराट असते. वधस्तंभ उचलून मागे येण्याची आज्ञा कधी कुणाच्या हाती लागल्याचे ऐकिवात नाही. छापणाऱ्यालाही गिऱ्हाईक कळते.

नेहमीचे प्रश्न

*गुण किती जुळायला हवेत?*
छत्तीसपैकी अठरा. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावे पुकारून हरकत विचारतात. तिथे मंगळाने आजवर हात वर केलेला नाही.

*प्रार्थना आणि पत्रिका दोन्ही चालतील का?*
हिशोब करून पाहा. जे घडणार ते ग्रहांनी लिहून ठेवलेच असेल, तर प्रार्थना कशाला? आणि प्रार्थनेने काही बदलत असेल, तर ग्रहांनी लिहिले होते ते काय? शिवाय प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाची इच्छा पूर्ण व्हावी असे रोज म्हणतो. ती कोणती आहे हे आधी कळावे, अशी अट तिच्यात नाही. मागितली आहे ती भाकरही आजच्या दिवसापुरती.

*मला साडेसाती आहे. काय करू?*
शनी एका राशीत साधारण अडीच वर्षे राहतो आणि साडेसाती तीन राशींना एकदम असते. बारांपैकी तीन, म्हणजे चवथा हिस्सा. रविवारच्या मिस्सेला चारशे माणसे असतील, तर कोणत्याही रविवारी शंभरेक जणांना साडेसाती असणारच. त्यात गायक मंडळातले असतील, कदाचित वेदीवरचे फादरही असतील. त्यांतल्या कुणाची नोकरी गेली आहे, कुणाकडे आजारपण आहे, कुणाचा मुलगा घर सोडून गेला आहे. उरलेल्या तीनशेंतही अशी माणसे आहेतच. मिस्सा संपल्यावर त्यांच्यापैकी एकाकडे जाऊन या. त्याची जन्मवेळ विचारायची गरज नाही. घर नंबर पुरे.