पिनकाढे काकाजी : एक प्राथमिक अभ्यास

वर्धा जिल्ह्यात एप्रिलच्या उत्तरार्धापासून मृग लागेपर्यंत दुपार कलली की आभाळ भरून येते, धुळीचे वादळ सुटते आणि पावसाच्या आधी विजा येतात. या दिवसांत वर्ध्याच्या रामनगरापासून हिंगणघाट, पुलगाव, आर्वीपर्यंतच्या प्रत्येक वस्तीत किमान एक गृहस्थ असा आढळतो, की जो गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या उचलण्याआधी टीव्हीची पिन काढतो, आणि स्वतःची काढून झाल्यावर शेजाऱ्याच्या फाटकाशी उभा राहून "पिन काढली का जी?" अशी चौकशी करतो. तो निवृत्त शिक्षक असेल, पोस्टमास्तर असेल किंवा सूतगिरणीतला जॉबर असेल. वायरमन मात्र तो कधीच नसतो, कारण विजेची खरी माहिती असलेल्या माणसाला इतकी भीती परवडत नाही. या वर्गास येथे सोयीसाठी 'पिनकाढे काकाजी' असे म्हटले आहे.

नुसता स्विच बंद करण्यावर काकाजींचा विश्वास नसतो. त्यांच्या क्रमानुसार प्रथम टीव्ही, मग सेट टॉप बॉक्स, मग फ्रिज, मग सकाळपासून कोणी हात न लावलेला मिक्सर आणि शेवटी मोबाईल नसलेला चार्जर, अशी सर्व उपकरणे भिंतीपासून मुक्त केली जातात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हा या क्रमातील वादग्रस्त घटक होय. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना काकाजी हिंगणघाटच्या दिशेला झालेल्या एका गडगडाटावरून कूलरची पिन काढतात, आणि काकू पुढचा तासभर जुन्या लग्नपत्रिकेने वारा घेत त्यांच्याशी अबोला धरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे विजांची पूर्वसूचना देणारे ॲप मुलाने त्यांच्या मोबाईलवर टाकून दिल्यापासून हे प्रकरण अधिक चिघळले आहे, कारण सूचना आली की काकाजी सर्वप्रथम त्याच मोबाईलच्या चार्जरची पिन काढतात, आणि पुढची सूचना येण्याआधी मोबाईलच मान टाकतो.

घराबाहेर पडल्यानेही या वृत्तीत उतार पडत नाही. लग्नमंडपात मंगलाष्टके चालू असताना काकाजींचे लक्ष वधूवरांकडे नसून डीजेवाल्याच्या एक्सटेन्शन बोर्डाकडे असते. तेरवीच्या पंगतीतही, गेलेल्या माणसाच्या आठवणी निघून सर्वांचे डोळे पाणावले असता, त्यांनी यजमानाच्या कानाशी लागून वॉटर कूलरची पिन काढली का, असे विचारल्याचे आढळते. सेवाग्राम आश्रमात पाहुण्यांना नेले असता त्यांची थोडी कुचंबणा होते. माती, बांबू आणि कवेलूंच्या बापूकुटीत काढण्याजोगी पिन नाही. मात्र व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात गांधीजींशी संपर्कासाठी बसवलेला टेलिफोन आश्रमात जपलेला आहे, आणि पाहुणे त्याचा इतिहास वाचत असताना काकाजी त्याची वायर कुठून कुठे जाते, याचा माग काढत असतात.

त्यांच्या मते शत्रू दोन आहेत, एक आभाळ आणि दुसरी डीपी. डीपी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी खांबांवर बसवलेले रोहित्र, जेथून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. घराला एक फेज आणि न्यूट्रल यांमधले सुमारे 230 व्होल्ट मिळतात, तर दोन फेजांमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात; वादळात न्यूट्रलची तार तुटली, तर समतोल बिघडतो, आणि ज्या फेजवर भार अधिक त्या घरांत दिवे मंदावतात, ज्या फेजवर भार कमी त्या घरांत व्होल्टेज 400 च्या दिशेने चढत जाते. याचा सामाजिक अर्थ असा, की हीटर, गिझर आणि एसी एकदम चालवणारी गल्ली सहसा बचावते आणि काटकसरीने राहणाऱ्यांचे टीव्ही जळतात. गांधीजींनी वास्तव्य केलेल्या जिल्ह्यात विजेने असा न्याय करावा, हे विपरीतच म्हटले पाहिजे. काकाजींच्या आग्रहाखातर साऱ्या गल्लीने पिना काढल्या, म्हणजे त्या फेजवरचा भार आणखी कमी होतो, आणि अशा वेळी न्यूट्रल गेलाच तर देवघरात विसरलेला झिरोचा बल्ब क्षणभर सूर्यासारखा तळपून फुटतो. काकाजींना यात स्वतःचा दोष दिसत नाही, "टीव्ही असता तर?" एवढेच ते विचारतात. तक्रार नोंदवायची ती मात्र ते अजूनही 'बोर्डा'कडेच नोंदवतात. 1960 साली स्थापन झालेल्या त्या मंडळाचे 2005 साली विभाजन होऊन वितरण महावितरणकडे गेले, ही घटना त्यांनी मान्य केलेली नाही.

संरक्षक उपकरणांविषयी त्यांचे मत प्रतिकूल आहे. स्टॅबिलायझर हा व्होल्टेजचा सावकाश होणारा चढउतार सांभाळतो. जवळपास वीज पडल्याने तारेत उठणारी हजारो व्होल्टची उसळी, जिला सर्ज म्हणतात, ती सेकंदाच्या काही लाखाव्या भागात येऊन जाते, आणि तेवढ्या वेळात स्टॅबिलायझरची रिले 'टक्' देखील करत नाही. स्पाइक गार्डमध्ये झिंक ऑक्साइडची एक चपटी चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती स्वस्थ बसते आणि मर्यादा ओलांडली की उसळीला वाट करून देते. प्रत्येक तडाख्यागणिक ती झिजते, आणि एके दिवशी निकामी होते, तरी बोर्डावरचा लाल दिवा तेवतच राहत असल्याने संरक्षण संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. अशी पदे सार्वजनिक जीवनातही पुष्कळ आहेत. काकाजींची श्रद्धा आहे ती केवळ अर्थिंगवर, म्हणजे विजेला जमिनीत उतरवणाऱ्या, कोळसा आणि मीठ घालून पुरलेल्या पाइपावर. ओल असेल तरच जमीन वीज नीट वाहून नेते, म्हणून मे महिन्यात ते तुळशीच्याही आधी अर्थिंगच्या खड्ड्याला बादलीभर पाणी घालतात.

इतके हसून झाल्यावर नाइलाजाने मान्य करावे लागते, की शास्त्र काकाजींच्या बाजूचे आहे. बंद स्विचमधली फट जेमतेम काही मिलिमीटरची असते आणि मोठी उसळी ती ओलांडू शकते. थेट पडलेल्या विजेपुढे बाजारातला कोणताही स्पाइक गार्ड टिकेल अशी हमी नाही. वादळापूर्वी काढलेली पिन आणि डिशची सोडवलेली वायर यांहून खात्रीचा उपाय घरगुती पातळीवर नाही. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, तासन्‌तास गेलेली लाईन झटक्यासरशी परतत असे, तेव्हा गल्लीतले कितीतरी फ्रिज या एका माणसाच्या पायपिटीमुळे वाचले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी चहाही विचारला नाही.

ती पायपीट आता वेगळ्या कारणाने वाढली आहे. गल्लीतली मुले पुण्याला आणि हैदराबादला गेली, मागोमाग आईवडीलही गेले, आणि कुलूप लावलेल्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा काकाजींच्या खुंटीवर आला. आभाळ भरून आले की ते टॉर्च घेऊन निघतात, एकेक कुलूप उघडतात, आणि ज्यात पाण्याची बाटलीही उरलेली नाही अशा फ्रिजची पिन काढतात. फाटकाशी उभे राहून विचारावे असे त्या घरांत कोणी नसल्याने हे काम आता मुकाट्याने होते. आभाळाचा भरवसा नसल्यामुळे पिना दसऱ्यापर्यंत तशाच राहतात. दिवाळीला मालक येतात, तेव्हा फ्रिजला बुरशी आणि चार्जिंगअभावी इन्व्हर्टरची बॅटरी पार डेड, असे दृश्य त्यांना दिसते. ते काकाजींना बरेच काही ऐकवतात, आणि भाऊबीज आटोपून निघताना किल्ली पुन्हा त्यांच्याच हाती देतात, सोबत 'इन्व्हर्टरला हात लावू नये' अशी ठळक अक्षरांतली चिठ्ठी. ती चिठ्ठी काकाजी त्याच इन्व्हर्टरवर नीट चिकटवून ठेवतात, पुढल्या वर्षीही ती तशीच असते, आणि तिच्याखाली पिन लोंबत असते.