डाव्या हाताचा अडकित्ता

जमिनीची वाटणी आमच्याकडं एका दुपारीत उरकली. थोरल्यानं विहिरीकडचं घेतलं, मी माळाचं, धाकट्यानं रस्त्याकडेचं. बहिणीनं सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले आणि पदराला हात पुसत आपल्याही हिश्श्याची आठवण करून दिली, तोही निघाला. भांड्यांना तर वेळच लागला नाही, कारण चांगली भांडी सुनांनी आधीच हलवली होती. घोडं अडलं ते आण्णांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीपाशी. तिचं काय करायचं यावर आम्ही अडीच वर्षं काथ्याकूट केला, आणि ठरवलं शेवटी भलत्यानंच.

पेटीत पाती होती. मोजून ३९. अडकित्ते, खुरपी, विळे, ऊसतोडीचे कोयते, न्हाव्याचा वस्तरा, चामडं कापायची रापी, धनगराची लोकर कातरायची कातर, मुलाण्याचा सुरा, एक बटणाचा चाकू, एक जांबिया, एक कट्यार. सगळं तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. घरात ३९ हत्यारं, आणि आई जन्मभर कांदा चिरत आली ती पाटाला खिळा ठोकून बसवलेल्या डुगडुगत्या विळीवर. तिनं एकदा पेटीतलं एक पातं टमाट्यापुरतं मागितलं होतं. आण्णा म्हणाले, "ते आपलं नाही." आईनं पुन्हा मागितलं नाही. आम्हाला तेव्हा वाटलं, छंदी माणसं अशीच बोलतात.

आण्णा एसटीत कंडक्टर. १९७१ ला लागले, २००५ ला सुटले. मधली बरीच वर्षं कळंब, येरमाळा, बार्शी आणि परत, एवढंच त्यांचं जग. कंडक्टरच्या घरात कागद म्हणजे तिकीट. आमची बाराखडी जुन्या तिकिटांच्या पाठीवर झाली. त्यामुळं पेटीतल्या जवळजवळ प्रत्येक मुठीला सुतळीनं एक तिकीट बांधलेलं दिसलं, त्याचं आम्हाला नवल वाटलं नाही. पाठीवर आण्णांचं बारीक अक्षर. उदाहरणार्थ, एका अडकित्त्यावर: 'येरमाळा–बार्शी, १.१०, १४-३-७३, डाव्या हाताचा.'

अर्थ उघड होता. वस्तू मूळची येरमाळ्याची, विकत घेतली बार्शीच्या बाजारात, किंमत एक रुपया दहा पैसे, प्रकार डाव्या हाताचा.

धाकटा पुण्यात संगणकावर बसतो. त्यानं तो अडकित्ता उजव्या हातानं चालवून पाहिला, सुपारी नीट फुटली. डाव्या हातानं चालवला, बोट फुटलं. "म्हणजे किती दुर्मिळ असेल बघ," तो बोट चोखत म्हणाला. एका खुरप्यावर 'लाल पागोटं' असं लिहिलं होतं. त्यानं इंटरनेट पालथं घातलं, लाल पागोटं जातीच्या खुरप्याचा कुठंही उल्लेख सापडला नाही, त्यामुळं तेही दुर्मिळ ठरलं. एका विळ्यावर होतं, 'म्हातारी, दोन शेळ्या, ०.८५.' यावर थोरला फार हळहळला. "पंच्याऐंशी पैसे रोख आन् वर दोन शेळ्या? आण्णांना लुटलं की गा." एकूण २२ तिकिटं १९७२ आणि ७३ सालची निघाली. धाकट्यानं त्या काळाला संग्रहाचा सुवर्णकाळ असं नाव दिलं.

मग तो आम्हाला पुण्यात केळकर संग्रहालयात घेऊन गेला. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे गृहस्थ. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा गेला, आणि त्याच्या नावानं त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, दारं, वाद्यं, अडकित्ते जमवले. मी त्या अडकित्त्यांपुढं गप्प उभा होतो. धाकटा माझ्या कानाशी लागला, "यांच्याकडं डाव्या हाताचा नाही." पुण्याहून परत येईपर्यंत तो अडकित्ता त्याच्या हिश्श्यात गेलेला होता. निदान त्याच्या मनात.

मेव्हण्यांनी यात कायदा आणला. ते कोर्टात कारकून होते, निवृत्त झाल्यापासून त्यांना कारकुनी करायला कुणी मिळत नव्हतं. "शस्त्र कायदा, १९५९," ते म्हणाले आणि आईनं पेटीवर चटकन गोधडी टाकली. नियम असा की, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो. मात्र घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेलं पातं असेल तर सूट. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी सहा इंचांत संपली. शेवटी बायकोचा शिलाईचा टेप आणला आणि सगळं घर ओटीवर बसून इंच मोजू लागलं.

जांबिया साडेसात, सुटला. कट्यार आठ, सुटली. कोयता बसला नाही, पण तो शेतीचा. खरी पंचाईत मुलाण्याच्या सुऱ्यानं केली. दहा इंच. "हा घरगुती का शेतीचा?" मेव्हण्यांनी विचारलं. थोरला म्हणाला, "बकरं शेतीत धरायचं का घरात, त्यावर हाय." आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न सोपा नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे, आणि ती रानात चरते, घरात निजते. त्याच कायद्यात, मेव्हण्यांनी आवर्जून सांगितलं, लाठीला शस्त्र मानलेलं नाही. ती घरगुती वस्तू धरली आहे. गावातल्या बांधावरच्या भांडणांची आठवण येऊन थोरला मोठ्यांदा हसला.

या मोजणीत आई फक्त एकदा बोलली. बहिणीनं एक छोटा विळा पिशवीत टाकलेला तिनं पाहिला. "पातं असं फुकट नेऊ नये. नातं तुटतं. नाणं ठेव." बहिणीनं रुपया ठेवायच्या ऐवजी विळा परत ठेवला. हिश्श्याची बाई ती.

मधल्या काळात भंगारवाला येऊन गेला. काट्यावर पेटी चढवून म्हणाला, लाकडाच्या मुठी काढून द्या, मूठ भंगारात धरत नाहीत. आईनं त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

मग मला वाटलं, दान करावं. आमच्याच जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. लामतुरे तेरचेच. पांढरीत सापडणारी नाणी, मणी, मातीची चित्रं ते गोळा करत राहिले आणि त्यांच्या संग्रहाचं पुढं संग्रहालय झालं. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, पण त्याच्याही कितीतरी आधी पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात 'तगर' म्हणून नोंदलं गेलेलं पेठेचं गाव. इथं हस्तिदंती बाहुली सापडली, तिच्यासारखी दुसरी सापडली ती थेट इटलीत, पाँपेईच्या राखेत. मी गाडीच्या डिकीत सहा नमुन्याची पाती घेऊन गेलो होतो. कपाटातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू पाहिल्या, बाहेर आलो, डिकीला हात लावला नाही. कायद्यानं पुरावस्तू व्हायला शंभर वर्षं पुरी व्हावी लागतात. आमचा डाव्या हाताचा अडकित्ता २०७३ साली पात्र होईल. तोवर धाकट्याचं बोट बरं झालेलं असेल.

कट्यार काढायचा तर प्रश्नच नव्हता, कारण ती घरी कधी नसतेच. आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू टोचतात, वाऱ्या-वावटळीची बाधा होऊ नये म्हणून. आता दर घरात मोटारसायकल आहे, कट्यार कुठं असते? त्यामुळं पंचक्रोशीतला नवरदेव आमच्या पेटीकडं. साताऱ्याला जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. आमची कट्यार तीन दिवसांच्या बोलीवर जाते आणि तीन महिन्यांनी येते, टोकाला वाळून कवडीएवढं झालेलं लिंबू तसंच. ते लिंबू काढायचं काम माझं. ते निघत नाही. गंज आणि लिंबू यांचं काहीतरी जमलेलं असतं. कट्यारीला तिकीट बांधलेलं नव्हतं. जांबियालाही नव्हतं, तो आण्णांनी हैदराबादला बारकसमध्ये घेतल्याचं आईला ठाऊक होतं. निजामाच्या फौजेतल्या अरबांची ती वस्ती, त्यांच्यातलेच आपल्याकडचे चाऊस. आणि बटणाच्या चाकूला नव्हतं. तो १९६५ च्या 'वक्त'मधल्या राजकुमारमुळं आमच्या घरी आला. आण्णा कधी खुशीत असले की चाकू न उघडताच त्याची ऐट करून दाखवायचे. या तिघांची तिकिटं हरवली असतील असं आम्ही धरून चाललो. ३९ पैकी तीन. तिघं भाऊ शिकलेले, एकालाही शंका आली नाही.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला आई म्हणाली, "पूजेला तरी काढा बाहेर." चिंच आणि राख लावून तिनं एकेक पातं घासलं, तिकिटं भिजू नयेत म्हणून सुतळ्या वर धरायला मला बसवलं. ओटीवर घोंगडं अंथरून ३८ पाती मांडली (कट्यार ढोकीच्या लग्नाहून यायची होती), हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. आमचं घर फाट्यावरच आहे. गाडीची वाट बघणारी माणसं ओट्यावर टेकतात, पाणी मागतात. त्या दिवशी एक म्हातारा टेकला. ऐंशीच्या आसपासचा. पांढरं धोतर, डोक्याला पटका, कमरेला चंची.

त्यानं पाणी प्यायलं. पात्यांवरून नजर फिरवली. मग एक झेंडू बाजूला सारला, डाव्या हातानं अडकित्ता उचलला, चंचीतून सुपारी काढून त्यात धरली आणि कट्. दोन अगदी सारखी खांडं तळहातावर.

धाकट्याच्या तोंडून आवाज निघाला नाही.

"माझा हाय," म्हातारा म्हणाला. जसं काही चपला ओळखल्या.

आई आतून पिठाच्या हातानं बाहेर आली. "येरमाळा–बार्शी?"

"तेच. दुष्काळाचं साल. खडी फोडायला निघालो होतो. खिशात चार आणे. कंडक्टर म्हणले, उतरू नको, पैसे मी टाकतो. मीच म्हणलं, फुकट नको, अडकित्ता ठेवा. ठेवून घेतला."

"मग न्यायला का आला नाहीत बाबा?" मी विचारलं.

"धा येळा गाठ पडली की त्यांची. दर बारीला म्हणायचे, अडकित्ता घरी हाय, घरी येऊन न्या." म्हाताऱ्यानं एक खांड तोंडात टाकलं. "आमच्या गावावरून तुमच्या घरी यायचं तिकीट दीड रुपाया. एक रुपाया धा पैशांचा अडकित्ता सोडवायला दीड रुपाया कोण घालील?"

थोरला आईकडं वळला. "आई, तुला ठावं होतं?"

"आता गं बया! तुम्हाला ठावं नव्हतं?" आई म्हणाली. "मला वाटलं, ठावं असून वाटणी करायलाव."

म्हाताऱ्यानं कनवटीला हात घातला. अडकित्ता तसाच घेऊन जा, असं थोरला म्हणाला. आईनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. म्हाताऱ्यानं दोन रुपयांचं नाणं काढून घोंगड्यावर ठेवलं आणि तिथंच बसून राहिला. आम्ही त्याच्याकडं बघत राहिलो, तो आमच्याकडं.

"नव्वद पैसे," तो म्हणाला.

घरात शोधाशोध सुरू झाली. थोरल्याच्या खिशात पाचशेची नोट, धाकट्याच्या खिशात फोन. त्यानं फोनवरून पाठवतो म्हटलं; म्हाताऱ्यानं फोनकडं पाहिलंही नाही. देवघराच्या डबीत रुपया निघाला, पण दहा पैसे जास्तीचे घ्यायला म्हातारा तयार होईना. बायको डब्यांमागं, पोरं दप्तरात सुटे शोधायला लागली. मी घोंगड्यापाशी बसून एकेक तिकीट उलटत होतो. 'लाल पागोटं, कळंब–येरमाळा.' 'म्हातारी, दोन शेळ्या': शेळ्यांचं भाडं धरलं नव्हतं, एकटीचंच पंच्याऐंशी पैसे. 'पोर काखेत.' 'तोतरा, खोटं बोलत नाही.' १९९१ चं एक होतं कोयत्याला बांधलेलं: 'अर्धा कोयता.' मी तो कोयता पूर्वी तीनदा मोजला होता, चांगला अख्खा आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी असली की मुकादम तिला एक कोयता म्हणतो. एकट्या माणसाला अर्धा.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. म्हातारा उठला, पण जागचा हलला नाही.

"लिहून दे," आई म्हणाली.

मी अडकित्त्याची सुतळी सोडली. आण्णांच्या अक्षराखाली दोन बोटं जागा होती. तिथं '९०' लिहून त्याभोवती गोल काढला. म्हाताऱ्यानं तिकीट लांब धरून वाचलं, घडी घालून चंचीत टाकलं, अडकित्ता वरून खोचला.

"असू द्या," तो पायरी उतरता उतरता म्हणाला, "उतरताना घेतो."