संमती देणार

खरेदीखतास लिहून घेणार आणि लिहून देणार असे दोनच पक्ष असतात, भाव ठरला, इसार पोचला आणि मुद्रांकशुल्क सरकारजमा झाले की उरते ते केवळ सह्यांचे काम, अशा समजुतीने जो गृहस्थ कोकणात एखादे कौलारू घर आणि त्यामागचे पोफळीचे आगर घेण्यास निघतो, त्याची ती समजूत वकिलाच्या कचेरीतील पहिल्याच बैठकीत संपुष्टात येते. वकीलसाहेब वंशावळीच्या कागदावरून बोट खाली खाली नेत एका नावाशी थांबतात आणि विचारतात, "यांची संमती घेतली आहे का?" त्यावर विक्रेता आढ्याकडे पाहतो. त्या क्षणी मसुद्यात तिसऱ्या पक्षाचा जन्म होतो. दस्तात त्यास 'संमती देणार' म्हणतात. घरात बहुधा तात्या म्हणतात, आणि येथेही तेच नाव चालवू.

तात्यांचे वास्तव्य डोंबिवलीस किंवा विरारास असते. त्यांची मुंज गावच्या घरी लागली. त्यानंतर एकदा कुळधर्माला आणि एकदा आंबा चांगला आल्याचे ऐकून, असे ते दोन वेळा गावी येऊन गेले. पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, पडवीला झापांचा आडोसा करणे, ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणे आणि बांधावरून शेजाऱ्याशी पिढीजात भांडण चालू ठेवणे, ही सारी कामे धाकट्या पातीचा चुलतभाऊ करीत आला, आणि त्याच्या या वहिवाटीस तात्यांनी कधीही आडकाठी केली नाही, हे त्यांच्या उदार अंतःकरणाचे द्योतकच मानले पाहिजे.

घेणारा साहजिकच विचारतो, घरपट्टीच्या उताऱ्यावर तात्यांचे नाव नाही, सातबारावरही नाही, मग त्यांची सही कशासाठी? हा प्रश्न दर दहा खरेदीदारांपैकी नऊ जण विचारतात आणि दहावा तो विचारीत नाही म्हणून पुढे कोर्टात जातो. फेरफाराची नोंद महसुलाच्या सोयीसाठी असते. तिने मालकी जन्मास येत नाही आणि ती नसल्याने मालकी मरतही नाही. तलाठ्याने वारसनोंद केली नाही म्हणून तात्यांचा आजा त्यांचा आजा होण्याचे थांबत नाही. शिवाय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत वारस केले, २००५ च्या दुरुस्तीने त्यांना जन्मतःच मुलांच्या बरोबरीने सहदायाद ठरविले, आणि त्यामुळे तात्यांच्या मागोमाग त्यांच्या तीन बहिणीही वंशावळीतून हळूच बाहेर येतात. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे आणेवारी लिहिलेली असे, ती वाचत गेले की एक आणा चार पै एवढ्या हिश्शाचा मालक किती भारदस्त असू शकतो, याची कल्पना येते.

मग तात्यांना वगळून इतरांनी आपापले हिस्से विकले तर? विकता येतात, कायदा आड येत नाही. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ४४ वे कलम असे सांगते, की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तर त्या हिश्शाच्या बळावर त्याला घरात संयुक्त कब्जा मागता येत नाही. म्हणजे चौदा आण्यांचे पैसे मोजूनही ओटीवर बसण्यासाठी दोन आण्यांच्या तात्यांची परवानगी हवी. बरे, वाटपाचा दावा लावावा, तर १८९३ चा वाटप अधिनियम तात्यांना म्हणतो, की या परक्याचा हिस्सा कोर्ट ठरवील त्या किमतीस तुम्हीच का घेत नाही? इतके आर्जव तात्यांना त्यांच्या हयातीत दुसऱ्या कोणी केलेले नसते.

म्हणून चुलतभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन डोंबिवलीस जातो. तात्या पुडा बाजूस ठेवतात आणि ज्या वाक्याने आजवर असंख्य व्यवहार वर्ष-वर्ष खोळंबले, ते वाक्य उच्चारतात:

"अरे बाळ, माझी काहीच हरकत नाही."

आणि किंचित थांबून, "भाव काय ठरला म्हणालास?"

भाव कळल्यावर तो कमी आहे असे तात्या म्हणत नाहीत. ते फक्त दुसऱ्याच गावातील, दुसऱ्याच प्रकारच्या, रस्त्यालगतच्या जमिनीचा दर सांगतात आणि खिडकीबाहेर पाहतात. मग "मसुदा पाठवून दे, नजरेखालून घालतो" असे सांगून ते भाच्या-पुतण्यांची चौकशी करू लागतात.

मसुदा हा तात्यांच्या आयुष्यातील खरा ग्रंथ. निवृत्तीनंतर वर्तमानपत्रातील चुका काढण्यापलीकडे ज्यांच्या बुद्धीला व्यवसाय उरलेला नाही, त्यांच्या हाती पंधरा पानांचा दस्त पडावा, यापरते भाग्य कोणते? प्रथम ते ऱ्हस्वदीर्घ सुधारतात. मग चतुःसीमा. पूर्वेस पाणंद की पायवाट, यावर एक पत्र. पुढे ते त्या सनातन वाक्याशी येतात, की सदर मिळकत तदंगभूत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह विकली आहे. आणि येथे त्यांची पेन्सिल थबकते. तरु म्हणजे आजोबांनी लावलेला बरका फणसही गेला. तेही एक वेळ चालेल. पण निधी? निधी म्हणजे पुरलेले द्रव्य ना? ते काय म्हणून द्यायचे? वकीलसाहेब शांतपणे कळवितात, की दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडल्यास, १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. सरकार मध्ये आल्याचे पाहून तात्या निधीवरचा आग्रह सोडतात. परंतु त्या दिवसापासून घराण्याचे गुप्तधन होते, ही गोष्ट त्यांच्या लेखी सिद्ध झालेली असते.

आता पैशांचे. तात्यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. हिश्शाची रक्कम ते धनादेशाने घेतात, पण ती घेताना त्यांच्या मुद्रेवर तृप्ती दिसत नाही. त्यांना हवा असतो माजघरातला झोपाळा. "बाकी मला काही नको रे, आजोबांची आठवण तेवढी." घेणारा म्हणतो, झोपाळा घराबरोबर आला. वाद रंगतो. १८८२ च्या कायदेपंडितांनी घर विकले असता त्याबरोबर कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि कायमच्या उपयोगासाठी केलेल्या इतर वस्तू जातात असे आठव्या कलमात बारकाईने लिहिले. झोपाळ्याचे नाव घेण्याचे मात्र राहिले, आणि कोकणातील चुलत-चुलत्यांची त्यामुळे कायमची सोय झाली. अखेर तुळईतल्या कड्या स्थावर, पाट आणि साखळ्या जंगम, असा तोडगा निघतो. पाट डोंबिवलीस जातो आणि तेथील दोन खोल्यांत टांगण्यास जागा नसल्याने पलंगाखाली राहतो.

नोंदणीच्या दिवशी सर्वांनी यावे असा बेत असतो. पण पक्षकारांनी एकाच वेळी हजर राहिले पाहिजे असे १९०८ चा नोंदणी अधिनियम म्हणत नाही, सही झाल्यापासून चार महिन्यांची मुदत आहे, हे तात्यांनी कोठेतरी वाचलेले असते. ते स्वतंत्र येतात. दुय्यम निबंधकांचे काम मालकीचा निवाडा करण्याचे नव्हे. दस्त तुम्हीच करून दिलात ना, एवढीच कबुली त्यांना नोंदवायची असते. ते विचारतात, "मजकूर वाचला? मान्य आहे?" हा प्रश्न कोणीतरी आपल्याला विचारावा म्हणून तात्या जणू एवढे जगलेले असतात. ते खुर्चीत सावरून बसतात आणि पणजोबांपासून सुरुवात करतात. मागे रांग वाढते. कारकून यंत्र पुढे सरकवून अंगठा ठेवण्यास सांगतो; तात्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, यंत्र तीन वेळा नाही म्हणते, आणि संमती देण्यास इतक्या आढेवेढ्यांनी आलेला मनुष्य चौथ्या वेळी दोन्ही हातांनी अंगठा दाबून धरतो.

माझे मत विचाराल तर तात्यांची अडवणूक हक्काची नसून मानाची असते. चाळीस वर्षे घराण्यातल्या एकाही गोष्टीत ज्याला कोणी विचारले नाही, त्याला विचारल्यावाचून सरकारदरबारी पान हलत नाही असे एकदाच घडते. तेवढा काळ त्याने लांबविला, तर नवल नाही. मात्र घेणाऱ्याचा यात काही अपराध नसतो. तेव्हा इसाराची रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी विक्रेत्याकडून वंशावळ मागून घ्या, ती मुलींसकट पुरी आहे का ते दुसऱ्या भाऊबंदाकडून पडताळा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन तिची मुदत उलटू द्या, आणि वकिलाच्या आधी तात्यांकडे जा.