भांडकुदळ शांतिवादी

चर्चच्या मंडळीतला शांतिवादी ओळखणं सोपं आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये ज्याचा आवाज बाहेर पार्किंगपर्यंत येतो, तो. नाशिकला शरणपूर रोडच्या आसपास असे एक काका हमखास भेटतात. निवृत्त मास्तर, पांढरा बुशशर्ट, आणि काखेत खाकी कव्हर घातलेलं, अमेरिकन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ स्टॅन्ली हाउअरवॉसचं ‘द पीसेबल किंगडम’ (1983).

काकांचं म्हणणं थोडक्यात असं (ते स्वतः थोडक्यात कधीच सांगत नाहीत): अहिंसा हा ऐनवेळी मांडायचा हिशेब नव्हे, माणूस आधीपासून घडावा लागतो. हाउअरवॉस टेक्ससमधल्या गवंड्याचा मुलगा. वीट रचायला बापाच्या हाताखाली शिकला. क्षमाही तशीच, मंडळीत राहून अंगवळणी पडते. सद्गुणाचा दाखला मात्र काका घरचा देतात. नाशिकच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेत संशोधक लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हा होता. “नियमावली वाचून आणला काय रे?”

येशूच्या ‘दुसरा गाल पुढे कर’चा विषय निघाला की काका उभेच राहतात. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा लागतो. म्हणजे तो मार नव्हे, अपमान. दुसरा गाल पुढे केला की मारणाऱ्याला तुम्हाला बरोबरीचं मानावं लागतं. हा अर्थ बायबल-अभ्यासक वॉल्टर विंकचा. प्रात्यक्षिकाला गाल आपला.

काकांचा मुलगा मात्र ओझरला एचएएलमध्ये, सुखोई लढाऊ विमानांच्या जोडणीवर. फ्लॅटचा हप्ता तोच भरतो. हा विषय घरात कुणी काढत नाही, काकू सोडून.

जॉन योडरचं नाव काका हल्ली हळू घेतात. ‘द पॉलिटिक्स ऑफ जीझस’ (1972) लिहिणारा हा मेनोनाइट पंथातला शांतिवादी कित्येक स्त्रियांचं लैंगिक शोषण करत होता, हे उघड झालं. “मग याच्या अंगवळणी काय पडलं होतं?” काकूंनी विचारलं. काकांकडे उत्तर नव्हतं. ते पुस्तक आता मागच्या फळीवर असतं.

हाउअरवॉस स्वतःला तापट म्हणवतो. शांतिवादी आहोत असं चारचौघांत सांगून ठेवायचं, म्हणजे लोकच आपल्याला धरून ठेवतात, हा त्याचा हिशेब. काकांनीही उपासनेनंतर सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यामुळे गेटसमोर स्कूटर लावणाऱ्या पोरावर हात उगारला की पोरगं शांतपणे म्हणतं, “काका, तुम्ही शांतिवादी ना?” हात खाली येतो. शिव्या चालू राहतात. हाउअरवॉसच्या तोंडीही शिव्या असतात, हे काकांचं पाळकसाहेबांनाही ऐकवून झालंय.