वीस मिलिमीटर कमी

क्लासिकल गिटारची तार किती लांब असावी, हा प्रश्न जगानं स्पेनचे गिटार-कारागीर आंतोनिओ द तोरेस यांच्यावर सोपवला आणि पुन्हा त्याकडे पाहिलं नाही. तोरेस १८९२ साली गेले, पण त्यांनी रुळवलेले ६५० मिलिमीटर अजून जागचे हललेले नाहीत. १९६०च्या दशकात माद्रिदच्या रामिरेझ यांच्या गिटारी तर ६६४पर्यंत गेल्या. गिटारवादक सेगोव्हियांच्या भरदार पंजाला त्या शोभल्या. बाकीच्यांची मनगटं कुरकुरली असणार, पण उस्तादांपुढे मनगटाचं कोण ऐकतो!

माझी गिटार ६३०ची. वीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटंही नाहीत, एवढ्यासाठी काय घेऊन बसायचं, असं वाजवणारे मित्र म्हणतात. त्यांचे हात लांब आहेत. हिशेब असा की नटापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ६५०वर १३४ मिलिमीटर भरतं, तर ६३०वर १३०. चार मिलिमीटर कागदावर कुणाच्या खिजगणतीत नसतात. करंगळीला मात्र त्यात आख्खा माळा सापडतो. शिवाय त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताणही सहा टक्क्यांनी उतरतो. एफचा बार धरताना चेहऱ्यावर जो दाढदुखीचा भाव येई, तो आता किरकोळ डोकेदुखीवर आला आहे.

वाद्याचं माप माणसाप्रमाणे असावं, हे आपल्याकडे फार पूर्वीच कळलेलं होतं. मिरजेत तंबोरा घ्यायचा तर गाणार कोण, हे आधी बघतात. पुरुषांच्या काळी एकला एक माप, बायकांच्या काळी चार-पाचला दुसरं. धाकट्या मापाच्या तंबोऱ्याला कुणी शिकाऊ समजत नाही. गळ्याला मिळणारा हा मान बोटांना मात्र मिळत नाही. बोटांनी ताणून घ्यायचं, आणि ताणलं गेलं नाही तर रियाज कमी पडला म्हणायचं.

गिटार घेतली टोकियोतल्या ओचानोमिझूला. तिथे रस्ताच्या रस्ता गिटारींच्या दुकानांचा. करणारे जपानी कारागीर, गिटार हातानं घडवलेली, आत लेबलावर शाईची सही. सही मासारु कोनो यांची नाही. असती तर ती मी काचेपलीकडूनच वाचली असती. कोनो माद्रिदला जाऊन आर्कान्हेल फर्नांदेझ यांच्या कार्यशाळेत शिकले आणि १९६७ साली बेल्जियममधल्या लिएजच्या स्पर्धेत त्यांच्या गिटारीला सुवर्णपदक मिळालं. स्पॅनिश वाद्याचं पदक टोकियोला! त्यानंतर जपानी गिटारीकडे नाक मुरडणं अवघड झालं.

जुनी वस्तू घेताना घासाघीस करणं हा आपला हक्क, आणि त्यासाठी दोष काढावे लागतात. इथे पंचाईत झाली. किमतीच्या चिठ्ठीवर दुकानदारानं सगळे दोष स्वतःच लिहून ठेवलेले: पुढच्या फळीवर नखांचे ओरखडे, कडेला एक टोचा, फ्रेट थोडे झिजलेले. मी बोट दाखवावं असं काही त्यानं शिल्लकच ठेवलं नव्हतं. मुकाट्यानं पैसे मोजले.

घरी आणून निरखली तेव्हा आधीचा मालक हळूहळू ओळखीचा झाला. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खाचा पाडलेल्या. सातव्यानंतर झीज विरळ, आणि बाराव्याच्या पुढे एबनीची पट्टी कोरी करकरीत. म्हणजे हाही गृहस्थ (किंवा बाई, आखूड मापावरून बाईच असाव्यात असं धरण्यात अर्थ नाही, माझ्याकडे बघा) वरच्या वस्तीत कधी फिरकला नाही. सुरुवातीच्या धड्यांतच वर्षानुवर्षं सुखानं नांदला. आमचं जमेल.

पुण्याच्या आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

“वापरलेली? जपानात राहून जुनी घेतलीस?”

“अगं, हातानं केलेली आहे.”

“आणि आखूड का? लहान मुलांची आहे का रे?”

पेटी नेहमीएवढीच असते, फक्त तारेची लांबी कमी, हे मी समजावलं. तिनं ते ऐकून घेतलं नाही. “मागची बाजू दाखव,” म्हणाली. दाखवली. गडद, जांभळट तपकिरी, उभ्या काळ्या रेघा.

“ही तर शिसवी दिसतेय.”

शिसवीच होती. ब्राझीलच्या रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ साली जवळपास बंद झाला, पण जगभरच्या गिटारवाल्यांना आपल्या शिसवीची ओढ त्याआधीपासूनच होती. आत्याचा चेहरा उजळला. तिच्या माहेरचं शिसवी कपाट चार माणसांना हलत नाही, त्यामुळे या लाकडाबद्दल बोलण्याचा अधिकार घरात तिचाच.

“फळी केवढ्या जाडीची आहे?”

“असेल अडीच मिलिमीटर.”

“अडीच?” आत्या स्क्रीनच्या अगदी जवळ आली. “म्हणजे लांबीत कमी, जाडीत कमी, वर वापरलेली. मग भावात किती कमी केलं त्यानं?”