मॉनिटरची बैठक

शाळेतला मॉनिटर गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. स्टुडिओतला मॉनिटर स्पीकरही तेच करतो. गोड बोलत नाही, मिक्समधल्या चुका नावानिशी सांगतो. बहुधा म्हणूनच आमचा दादा पाच वर्षं तो नुसता निवडतोच आहे.

दादा काशीचा, दुर्गाघाटावरचा. घरात आजोबांच्या पोथ्या, त्यावर याची माहितीपत्रकं. "का गुरु, ले लिए?" एवढं पानवाल्यानं विचारायचा अवकाश, दादा पान गालात सारतो. "यामाहाचा एचएस-५ खरं बोलतो, पण बोचतं. केआरकेचा पिवळा कोन देखणा, पण देखण्यांचा भरवसा काय?" तोवर तीन गिऱ्हाइकं कंटाळून पुढच्या टपरीवर गेलेली असतात.

त्याचं दैवत मात्र यामाहाचा एनएस-१०. १९७८ साली घरासाठी म्हणून आला, घरांनी नाक मुरडलं, स्टुडिओंनी डोक्यावर घेतला. यावर बरं वाजलं की कुठेही बरं वाजतं, ही त्याची ख्याती. २००१ साली तो बनायचा थांबला. त्याचा आवाज टोचतो म्हणून काही जण ट्वीटरवर टिश्यू पेपर लावत. दादानं टिश्यू पेपर आणून ठेवलाय. स्पीकर तेवढा यायचा आहे.

तूर्त मित्राची पाच इंची जोडी उसनी आणलीय. खोली दहा फूट बाय दहा फूट. भिंतींना आधी अंड्यांचे ट्रे लावले. आजीनं ते बघून सोवळ्याचा प्रश्न उभा केला, तेव्हा गोधड्या आल्या. ट्रेपेक्षा गोधड्या खरंच बऱ्या, हे आजीला सांगायचं धाडस कुणी केलं नाही. मग दादानं पंचांग बघावं तशी टेप धरून खुर्ची खोलीच्या बरोब्बर मध्यावर मांडली आणि भजन मिक्स करायला बसला.

"बेस लागतच नाहीये. स्पीकर बदलायला हवेत."

त्यानं बेस वाढवला. आणखी वाढवला. भिंतीला टेकून वाती वळणारी आजी म्हणाली, "भजनाखाली रेडा काय डुरकतोय रे?" दादा हसला. संध्याकाळी ई-रिक्षात तेच गाणं लावलं, तर सीट हादरली आणि चालकानं उतरून चाकं तपासली.

गोम अशी की, दहा फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीपाशी दाटतो आणि नेमका मध्यावर विरतो. लांबी-रुंदी सारखीच असली की दुखणं दुप्पट. दादा खड्ड्यात बसला होता, आजी उंचवट्यावर. स्पीकर बिचारे दोघांशी एकच बोलत होते.

हे कळल्यावरही दादा म्हणाला, "आठ इंची घेतले तर?"

आजीनं वात ठेवली. "शेजारी बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ रियाजाला बसायचे. ते काय इंच मोजून? गाण्यात आधी बैठक जमावी लागते. तुझी चुकलीय. ऊठ, खुर्ची सरकव."

खुर्ची दोन फूट पुढे सरकली. बेस लागला. गाणंही झालं.

दादा हल्ली खुर्ची निवडतोय.